घरी मुलांची पार्टी ठेवताय? सुरुवात परतीच्या वाटेपासून करा

दहावी-बारावीचा निकाल, सोळावा किंवा अठरावा वाढदिवस, कॉलेजचा सेंड-ऑफ, थर्टी फर्स्ट. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना यातल्या प्रत्येक निमित्ताने एकत्र जमायचं असतं, आणि त्यांनी जमायलाच हवं. घरून नकार मिळाला तरी सहसा पार्टी रद्द होत नाही, फक्त तिची जागा बदलते. आपल्या गच्चीऐवजी कुणाच्या तरी ओळखीचं फार्महाउस येतं, नाहीतर आईवडील गावाला गेलेत असा कुणाचा तरी रिकामा फ्लॅट येतो. म्हणून मी घरच्या पार्टीच्या बाजूने आहे. मात्र ती नीट आखावी लागते, आणि आखणी कुठून सुरू करायची हे बहुतेक घरांत चुकतं.

केक, स्पीकर आणि मेन्यू यांचा विचार सगळ्यात आधी होतो. त्याऐवजी पहिला प्रश्न हा घ्या: रात्री साडेअकरा वाजता यातलं प्रत्येक मूल आपल्या घरी कसं पोचणार आहे? याचं उत्तर मिळालं की किती जणांना बोलवायचं, किती वाजता संपवायचं आणि मोठ्यांपैकी जागं कुणी राहायचं, हे आपोआप ठरत जातं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनिअर जिवाला मुकले. तो मित्रांबरोबर पबमधली पार्टी करून निघाला होता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढची सगळी चर्चा जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाभोवती आणि रक्ताच्या नमुन्यांच्या अदलाबदलीभोवती फिरली. पालक म्हणून मला त्या रात्रीतला निबंधाच्या कितीतरी आधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो: पार्टी संपली तेव्हा गाडीची चावी कुणाच्या हातात होती?

आधी परतीची यादी

पार्टीच्या आठ-दहा दिवस आधी एक कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात मुलाचं नाव, दुसऱ्यात ते कशाने आणि कुणाबरोबर परत जाणार, तिसऱ्यात घरी कळवायचा फोन नंबर. यादी ज्याची पार्टी आहे त्याच्याकडूनच भरून घ्या. ती साधारण अशी दिसते:

सानिका – बाबा न्यायला येणार, सव्वाअकरा.
ओंकार, पार्थ – मागच्याच गल्लीत, चालत. ओंकारचा दादा खाली येणार.
रिया, तन्वी – तन्वीच्या आईची गाडी.
अथर्व – "बघू, कोणीतरी सोडेल."

शेवटची ओळ म्हणजे रिकामा रकानाच. "मॅनेज करेन", "कॅब मिळेलच" ही उत्तरंही त्यातच मोजा. ज्याचा रकाना पार्टीच्या आदल्या दिवसापर्यंत रिकामा राहील, त्याने आपल्याकडेच मुक्काम करायचा, आणि ते त्याच्या आईवडिलांना आधीच फोन करून सांगायचं. दोन गाद्या आणि चार पांघरुणं काढून ठेवायला फार कष्ट पडत नाहीत. किती जणांना बोलवायचं याची खरी मर्यादाही इथेच कळते. ज्यांच्या परतीची सोय लावता येते, तेवढेच पाहुणे.

कॅबने जाणाऱ्यांचा रस्ता आखताना सगळ्यात लांब राहणारी मुलगी शेवटी एकटी गाडीत उरणार नाही असा क्रम लावा, किंवा तिला न्यायला घरचं माणूसच येऊ द्या. गाडीचा नंबर ॲपमधल्या नंबराशी जुळला की मगच ओटीपी सांगायचा. प्रवासाची लिंक दोन घरी पाठवायची, जिथून निघाली तिथे आणि जिथे पोचणार तिथे. पुण्यात रात्री अकरानंतर पीएमपीच्या बसच्या भरवशावर राहू नका, रातराणी म्हणजे रात्रीची बस मोजक्याच मार्गांवर असते. मुंबईत शेवटची लोकल गाठायची म्हणून धावत सुटणारी मुलं मी नेहमी पाहते. त्यापेक्षा अर्धा तास आधी पार्टी संपवणं बरं.

स्कूटरबद्दल आपल्याकडे फार ढिलाई आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा. घराघरात उभ्या असलेल्या नेहमीच्या स्कूटर शंभर सीसीच्या वर असतात, त्यांना अठरा पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. म्हणून सतरा वर्षांचं मूल स्कूटर घेऊन आलं, तर यजमानाने चावी मागून घ्यावी आणि त्याच्या घरी फोन करावा. ट्रिपल सीट तर नकोच, मग घर चार चौक पलीकडे का असेना.

दारूचा प्रश्न कायद्याने सोडवलेला आहे

"थोडी बिअर आपल्या डोळ्यांसमोर घेतली तर काय बिघडलं, बाहेर पिण्यापेक्षा बरं" हे वाक्य चांगल्या-चांगल्या, काळजी घेणाऱ्या पालकांकडून ऐकायला मिळतं. त्यामागचा हेतू मला कळतो. पण महाराष्ट्रात २१ पूर्ण होईपर्यंत बिअरसुद्धा चालत नाही आणि रम-व्हिस्कीसारख्या कडक दारूला २५ पूर्ण लागतात.  म्हणजे पंधरा ते एकोणीस वयाच्या घोळक्यात कायद्याने पिता येईल असं कुणीच नसतं. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घर आपलं, फ्रिज आपला आणि पोरं दुसऱ्यांची. आपल्या मुलाबद्दलचा निर्णय आपण घेऊ शकतो असं एक वेळ मानलं, तरी तन्वीच्या आईच्या वतीने तो घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

वेप आणि हुक्का यांचंही तसंच. ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून बंदी आहे. घरातल्या मोठ्यांच्या बाटल्या पार्टीच्या दिवशी कुलपात ठेवा किंवा सरळ शेजारच्या काकांकडे पोचवा. आणि त्या रात्री मोठ्यांनीही घेऊ नये. ऐनवेळी गाडी काढून कुणाला तरी दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर चालवणारं माणूस शुद्धीत हवं.

आमंत्रण, सोसायटी आणि बाकीचे पालक

आमंत्रण वैयक्तिक मेसेजने द्या. व्हॉट्सॲप स्टेटस किंवा इन्स्टा स्टोरीवर जागेसकट पार्टी जाहीर झाली की पंचवीसचे साठ होतात आणि त्यातले वीस जण कुणाच्याच ओळखीचे नसतात. पार्टी चालू असतानाही लोकेशन टाकायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. "अजून एकाला आणू का?" असं कुणी विचारलं तर हरकत नाही, पण त्याचं नाव यादीत चढलं पाहिजे आणि परतीचा रकाना भरला पाहिजे.

मेसेज असा असू द्या: "शनिवारी संध्याकाळी ७ ते ११, आमच्या गच्चीवर. आई-बाबा दोघंही घरी आहेत. दारू, वेप, सिगारेट काही नाही. जेवण साडेआठला. कशाची ॲलर्जी असेल तर कळव. परत कसा जाणार तेही कळव." यातलं "आई-बाबा घरी आहेत" हे वाक्य मुलांना लिहायला लाज वाटते. तरीही ते तिथे राहू द्या. समोरच्या घरी परवानगी मिळते ती त्याच एका वाक्यावर.

तुमचं मूल दुसरीकडे पार्टीला जात असेल, तर तुम्हीच फोन उचला. बोलणं दोन मिनिटांचं असतं. "काकू, मी अथर्वची आई बोलतेय. शनिवारची पार्टी तुमच्याकडेच आहे ना? तुम्ही असाल ना घरी? काही करून आणू का, दहीवडे वगैरे?" दहीवड्यांच्या निमित्ताने सगळं कळतं, आणि चौकशी केल्यासारखंही वाटत नाही. अशी काही पार्टी आहे हेच काकूंना ठाऊक नसेल, तर तेही तिथेच कळतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा, वरच्या-खालच्या मजल्यांना तोंडी सांगा आणि वॉचमनकाकांकडे नावांची यादी द्या. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत स्पीकर लावता येत नाही, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. वर्षातले ठरावीक दिवस १२ पर्यंत सवलत मिळते. ते दिवस कोणते हे जिल्हा प्रशासन जाहीर करतं, तेव्हा थर्टी फर्स्टसाठी ती यादी बघून घ्या. बाकी दिवशी दहाला स्पीकर बंद करायचा आणि खाली हॉलमध्ये येऊन अंताक्षरी, डम्ब शराड्स, पत्ते काय हवं ते. शेवटचा तास असा शांत गेला की मुलंही निवळतात आणि घरी जाणं सुरळीत होतं.

गच्ची: दार, कठडा, वायर, आग

२९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्तराँना आग लागली आणि १४ जण गेले. वाढदिवस साजरा करायला आलेले लोक त्यात होते. वर बांबू आणि पटकन पेट घेणारं छत होतं, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. अनेक जण धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. हुक्क्याच्या निखाऱ्यातून ठिणग्या उडाल्याचं अग्निशमन दलाच्या चौकशीत म्हटलं होतं. त्या आगीनंतर, २०१८ मध्ये, महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर बंदी आली.

घरच्या गच्चीवर हेच सगळं लहान प्रमाणात असतं. वर ताडपत्री किंवा मांडवाचं कापड, त्यातून सोडलेल्या लाइटच्या माळा, खालच्या मजल्यावरून ओढलेला एक्स्टेन्शन बोर्ड, आणि गच्चीला जिन्याचं एकच दार. म्हणून वर कापड, ताडपत्री आणि झिरमिळ्या लावूच नका, आकाश मोकळं राहू द्या. एका बोर्डावर स्पीकर, लाइट आणि इंडक्शन सगळं एकदम टाकू नका. वायरींचे जोड पाण्याच्या टाकीपासून दूर आणि जमिनीपासून वर हवेत. दाराचं कुलूप काढून थेट घरात नेऊन ठेवा. कडीला नुसतं लटकवून ठेवलं तर कुणीतरी गंमत म्हणून लावतंच. जिन्यात चपलांचा ढीग, खुर्च्या किंवा केकची खोकी नकोत. दोन बादल्या पाणी, एक बादली वाळू आणि चालू स्थितीतला अग्निशामक वर ठेवा. सोसायटीचं ते लाल सिलिंडर भिंतीवर असतंच, फक्त त्यावरची तारीख आणि काटा तपासा.

गच्चीतली सगळ्यात मोठी भीती मला कठड्याची वाटते. फोटोसाठी त्यावर बसणं, पाठ टेकून मागे झुकणं, टाकीवर चढणं हे प्रत्येक पार्टीत होतं. कठड्यापासून चार-पाच फूट आत खुर्च्या किंवा कुंड्यांची रांग लावा म्हणजे तिथे गर्दीच होत नाही. फोटोसाठी एका आतल्या भिंतीला लाइट आणि पडदा लावून दिला, तर सगळे तिकडेच वळतात. हा उपाय ओरडण्यापेक्षा कितीतरी चांगला चालतो. पडदा मेणबत्त्यांपासून लांब राहील एवढं मात्र बघा.

वाढदिवसाच्या काही प्रथा आता थांबवायलाच हव्यात. फोम किंवा स्नो स्प्रे मेणबत्तीजवळ मारला की भडका उडतो आणि चेहरा भाजतो. केकमध्ये तोंड दाबताना आतल्या काड्या डोळ्यात जाऊ शकतात, कारण मजल्यांच्या केकला आतून आधाराच्या काड्या असतात. बर्थडे बम्प्सच्या नावाखाली लाथा घालणं ही मारहाण आहे, ज्याचा वाढदिवस आहे तो हसत असला तरी. फुगे भरून आणणार असाल तर हेलियमचेच आहेत ना, हे विचारून घ्या. स्वस्त म्हणून हायड्रोजन भरून देणारेही असतात आणि तो ठिणगीने स्फोट होऊन पेटतो.

भाजलंच, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यातलं काहीच लावायचं नाही.

खाणं-पिणं

जेवण लवकर आणि पोटभर द्या. पावभाजी, बिर्याणी, मिसळ, मुलांना हवं ते चालेल. उपवास कुणाचा आहे, जैन कोण आहे, अंड्याचा केक कुणाला चालत नाही हे आपण आवर्जून विचारतो. ॲलर्जीही तितक्याच आवर्जून विचारा. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कोशिंबिरीपासून चटणीपर्यंत कुठेही असतं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला एक घासही जड जाऊ शकतो. ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी, घशात आवळल्यासारखं होणं, श्वासाला घरघर लागणं असं काही दिसलं तर लगेच १०८. दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी तो दप्तरात न ठेवता खिशात ठेवायचा.

पिण्याच्या वस्तू शक्यतो सीलबंद, लहान बाटल्यांमध्ये ठेवा आणि मार्करने त्यावर नाव लिहायला सांगा. मोठ्या पातेल्यातलं सरबत किंवा मॉकटेल झाकून, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर ठेवा. त्यात कुणीतरी गुपचूप काहीतरी ओतण्याचा धोका घरातही असतो. पाणी भरपूर हवं. पेले स्टीलचे नाहीतर कागदी, काच नको. होळी-रंगपंचमीला भांग कुठून तरी येतेच, म्हणून सांगते: पोटातून घेतलेली भांग चढायला तास-दोन तास लागतात. "काहीच झालं नाही" म्हणून दुसरा ग्लास घेतला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात.

पार्टी चालू असताना मोठ्यांनी कुठे असावं

घरात दोन मोठी माणसं हवीतच. एकाला दवाखान्यात जावं लागलं, तर उरलेल्या वीस पोरांजवळ दुसरं असावं म्हणून. मुलांच्या मध्ये जाऊन बसू नका. दर अर्ध्या तासाने गरम भजी किंवा पाण्याच्या बाटल्या घेऊन एक चक्कर मारा. हातात ताट असलं की कुणी अवघडत नाही आणि आपल्याला सगळं दिसतं: कोण गप्प आहे, कोण फार वेळ दिसलेलं नाही, कोण कुणाच्या मागे-मागे फिरतंय.

झोपायच्या खोल्यांना कुलूप लावा. एक खोली मात्र उघडी, दिवा लावलेली ठेवा. डोकं दुखतंय, रडू येतंय, गर्दी नको वाटतेय अशा कुणालाही तिथे जाऊन बसता यावं. बाथरूमची आतली कडी बाहेरून उघडता येते का, हे आधी बघून ठेवा.

मुलामुलींमधल्या जवळिकीबद्दल पालकांनी पार्टीआधी स्पष्ट बोलावं. मोघम "नीट वागा" म्हणून भागत नाही. कायद्याने संमतीचं वय अठरा आहे आणि त्याखालच्या मुलामुलींना पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागू होतो. अठरा पूर्ण असतील तरी झोपलेल्या, नशेत असलेल्या किंवा घाबरून गप्प बसलेल्या व्यक्तीचा होकार हा होकार नसतो. ट्रुथ ऑर डेअरमध्ये नको म्हणणाऱ्याला कुणीही आग्रह करायचा नाही. आणि कुणी उलटी करतंय, रडतंय, कपडे विस्कटलेत असा फोटो किंवा व्हिडिओ काढायचाच नाही. तो ग्रुपवर एकदा गेला की परत घेता येत नाही. हे मुलांना पटतं. कुणाच्या तरी बाबतीत झालेलं त्यांनी पाहिलेलं असतं.

पार्टीला जाणाऱ्यांसाठी

आता थोडं तुमच्याशी, म्हणजे जे जाणार आहात त्यांच्याशी. घरातून निघताना फोन पूर्ण चार्ज करा, थोडे रोख पैसे ठेवा आणि आई-बाबांचा नंबर पाठ असू द्या. फोन बंद पडला की नंबर आठवतच नाही. जोडी ठरवा. आलो तसे जाऊ, मधल्या मधे कुणी कुणाला सोडून जायचं नाही.

नको म्हणायला लाज वाटत असेल, तर सरळ कारण द्या. "अँटिबायोटिक चालू आहे" हे आपल्याकडे सगळ्यांना पटतं, त्यावर कुणी वाद घालत नाही. "उद्या सकाळी सातचा क्लास आहे" हेही चालतं. तुमच्या हातात ग्लास असला तर कुणी सहसा दुसरा देत नाही, म्हणून कोकम सरबत घेऊन फिरत राहा. ग्लास खाली ठेवून नाचायला गेलात, तर परत आल्यावर तो ओतून द्या आणि नवा घ्या.

आणि घरी एक खुणेचं वाक्य ठरवा. समजा, आईला मेसेज केला, "आजीची गोळी कुठे ठेवलीय?" याचा अर्थ, मला इथून बाहेर काढ. दोन मिनिटांत आईने फोन करायचा आणि शेजारच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "आजीला बरं नाही, बाबा निघालेत, खाली येऊन थांब." मित्रांसमोर मान खाली जात नाही आणि सुटका होते. हे चालायला पालकांनी एक शब्द द्यावा लागतो: त्या रात्री प्रश्न नाहीत. गाडीत ओरडायचं नाही, "कोण कोण होतं?" विचारायचं नाही. जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर. हा शब्द एकदा मोडला, तर पुढच्या वेळी मूल मेसेज करणार नाही आणि कुणाच्याही मागे बसून घरी येईल. माझ्या मते या सगळ्या लेखातली ही सगळ्यात मोलाची तयारी आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

कुणी शुद्धीवर नसेल तर

कितीही बंदी घातली तरी कुणीतरी बाहेरून पिऊन येऊ शकतं. अशा वेळी "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल" हा सल्ला जिवावर बेतू शकतो. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात मिसळत राहते, त्यामुळे झोपलेल्या मुलाची अवस्था सुधारायच्या ऐवजी बिघडत जाऊ शकते. लिंबू, ताक, कडक कॉफी, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, गार पाण्याची आंघोळ यातल्या कशानेही दारू उतरत नाही. अर्धवट शुद्धीत काहीही पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ही लक्षणं दिसली की लगेच १०८ किंवा ११२ लावा: हाका मारून, चिमटा काढूनही जाग येत नाही; श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड; ओठ-नखं निळसर; अंग गार आणि चिकट; झोपेतच उलटी. सगळी लक्षणं दिसायची वाट बघू नका, एक पुरेसं आहे.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवायचं. उताणं असेल तर तुमच्या बाजूचा त्याचा हात खांद्यातून काटकोनात बाहेर ठेवा. लांबचा हात छातीवरून आणून त्याच्या हाताची पाठ तुमच्या बाजूच्या गालाखाली द्या. लांबचा गुडघा वर घ्या आणि तो धरून अंग तुमच्याकडे वळवा. डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. जवळून हलायचं नाही, श्वास मोजत राहायचं. श्वास थांबलाच तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात, मिनिटाला १०० ते १२० दाब द्या आणि मदत येईपर्यंत थांबू नका. दोन्ही कृती आधी गादीवर एकमेकांवर करून बघा, छातीवर खरा दाब मात्र देऊ नका.

डॉक्टरांना खरं सांगा: काय, किती, केव्हा घेतलं. पोलिसांच्या किंवा घरच्यांच्या भीतीने मुलं फोन करायला वेळ लावतात, आणि तो वेळच जिवावर येतो. "मित्र पडला तर आधी फोन, बाकीचं आम्ही बघू" हे मोठ्यांनी मुलांना आधीच सांगून ठेवावं.

फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा आणि झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा ही आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८. लुकलुकणाऱ्या डीजे लाइटने काहींना फिट येऊ शकते, तेव्हा अशा मुलांबद्दल त्यांच्या आईवडिलांना आधी विचारून ठेवा.

फार्महाउसचा हट्ट असेल तर

मुळशी, पानशेत, पवना, कर्जत इकडे जायचं ठरलंच, तर सोबत मोठी माणसं आणि मुक्काम या दोन अटींवर. रात्री परत गाडी चालवायची नाही. तिथे बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून जवळचा दवाखाना आणि तिथवरचा रस्ता दिवसाउजेडी बघून ठेवा.

अंधार पडल्यावर पोहण्याच्या तलावात कुणीही उतरायचं नाही. धरणाच्या पाण्यात तर दिवसाही नाही, कारण काठ एकदम खोल जातो आणि तळाच्या गाळात पाय रुतला की पट्टीचा पोहणाराही अडकतो. पावसाळ्यात धबधब्याखालचं पाणी वर पाऊस पडला की क्षणात वाढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत आणून दारं-खिडक्या लावून झोपलं, किंवा हवा यायला जागा नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवून आंघोळ केली, की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस बेशुद्ध होतो. शेगडी बाहेरच विझवायची. गॅस गीझर असेल तर बादली भरून घ्यायची, तो बंद करायचा आणि मगच दार लावून आंघोळ करायची.

निरोप आणि दुसरा दिवस

निघताना दारात उभं राहून यादीवर खूण करा. नुसतं "गेला" लिहू नका, कुणाबरोबर गेला तेही बघा. ठरल्याप्रमाणे नसेल तर थांबवा आणि घरी फोन लावा. "पोचलो" हा मेसेज प्रत्येकाकडून आल्याशिवाय यजमान घरातला एक मोठा माणूस झोपणार नाही, असं ठरवून टाका. अर्ध्या तासात मेसेज आला नाही तर तिसऱ्या रकान्यातला नंबर लावायचा.

सकाळी कुलूप गच्चीच्या दाराला परत, कचरा खाली, शेजारच्या काकूंना उरलेला केक. कुणाच्या डोक्याला मार लागला असेल, तर पुढचा पूर्ण दिवस लक्ष ठेवायला त्याच्या घरी सांगा. पुन्हापुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा गुंगी आली तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पार्टीत कुणी नको तिथे हात लावला, जबरदस्ती केली असं एखाद्या मुलाने किंवा मुलीने सांगितलं, तर पहिलं वाक्य "तू तिथे गेलीसच कशाला?" असू नये. ऐकून घ्या, विश्वास ठेवा, घातलेले कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. अठराखालच्या मुलाच्या बाबतीत पॉक्सोनुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, त्यात यजमानही आले. घरातल्या घरात मिटवायचा हा विषय नाही. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, आणि मन फार अस्वस्थ असेल तर टेली-मानसचा १४४१६, हे तिन्ही नंबर पार्टीच्या आधीच सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.